कार्ड ‘फॉरमॅट मारणे’: पुसणे, काढणे की कोरं करणे?

प्रश्न (सांगली): लग्नसराईच्या तोंडावर आमच्या स्टुडिओत नवी पोरं येतात. त्यांच्यासाठी कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डाबद्दल मराठीत सूचना लिहितेय. ‘कार्ड फॉरमॅट मारून घे’ असं सगळेच बोलतात, पण कागदावर काय लिहू? ‘कार्ड पुसा’ चालेल? फॉरमॅटचा पुस्तकी शब्द ‘स्वरूपण’ कुणाच्या तोंडी बसणार नाही.

उत्तर (सातारा): ताई, ‘पुसा’ नको. पाटी पुसली की अक्षर जातं, इथे तसं होत नाही. बहुतेक कॅमेरे फॉरमॅट मारताना फोटोंना हातच लावत नाहीत, म्हणून तर १२८ जीबीचं भरलेलं कार्ड काही सेकंदांत रिकामं दिसतं. कुठला फोटो कार्डावर कुठे आहे याची एक नोंदवही असते. ती नव्याने, रिकामी लिहिली जाते आणि फोटो ठेवायचं डीसीआयएम फोल्डर पुन्हा तयार होतं. जुने फोटो त्यांच्या जागेवर नवे फोटो बसेपर्यंत तसेच पडून राहतात. सातबारा कोरा झाला म्हणून रान कुठे जात नाही, नोंदी तेवढ्या जातात. म्हणून मी ‘कार्ड कोरं करणे’ म्हणेन.

उत्तर (मिरज): ‘कोरं’ पटलं. पण ‘सगळे फोटो डिलीट’ यासाठी वेगळा शब्द ठेवा, ‘काढणे’ म्हणा. किल्लीचं चिन्ह लावून जपलेला फोटो ‘सगळे काढा’ केल्यावर राहतो, फॉरमॅटमध्ये तोही जातो. हळदीचे निवडक फोटो असे जपून ठेवलेत म्हणून कुणी निर्धास्त फॉरमॅट मारला, तर पंचाईत! आणि ‘कॅमेऱ्यातच कोरं करा’ हे ठळक लिहा. ३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डाला नोंदवहीची फॅट३२ ही पद्धत लागते, त्यापुढच्या एसडीएक्ससी कार्डाला एक्सफॅट. कॅमेरा ते स्वतःच नीट बघतो, संगणकावर पोरं भलताच पर्याय निवडतात.

प्रश्नकर्ती: आणि कॉपी करायच्या आधीच कोरं झालं तर?

उत्तर (सातारा): त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढायचा नाही, ही पहिली गोष्ट. कार्ड बाहेर काढून कडेची बारीक खिट्टी ‘लॉक’कडे सरकवायची. मग संगणकावर फोटोरेकसारखं सॉफ्टवेअर चालवायचं. ते हरवलेल्या नोंदवहीवर अवलंबून राहत नाही, जेपीईजी फाइलची सुरुवात ओळखून फोटो शोधतं. फाइलींची मूळ नावं मात्र मिळत नाहीत. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव पुन्हा उभा करता येत नाही, तेव्हा मधल्या काळात कार्ड कुणाच्या हाती देऊ नका.

उत्तर (मिरज): याचीच दुसरी बाजूही लिहा. जुनं कार्ड विकताना नुसतं कोरं करून भागत नाही, गिऱ्हाइकाच्या घरचे फोटो परक्याच्या हाती जातील. काही कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ असतो, तो जुने फोटोही पुसतो, म्हणून त्याला वेळ जास्त लागतो. तो नसेल तर कोरं करून, लेन्सला झाकण लावून, कार्ड भरेपर्यंत व्हिडिओ चालू ठेवावा. ‘पुसणे’ हा शब्द या कामासाठी राखून ठेवा.