पोस्टरला जाडा पिक्सेल फॉन्ट हवाय, मराठीचं काय करू?

ठोकळेबाज:
कॉलेजमध्ये जुन्या व्हिडिओ गेम्सची रात्र ठेवलीये, पोस्टर माझ्या गळ्यात. प्रेस स्टार्ट टू-पी हा फॉन्ट घेतला, इंग्रजी मस्त दिसतं पण बोल्ड केलं की कडा लिबलिबीत होतात, आणि 'रेट्रो रात्र' टाईप केलं की ते अक्षर भलत्याच फॉन्टमध्ये येतं. माझं काय चुकतंय?

आठ_बाय_आठ:
अरे त्याला बोल्ड नाहीचे, एकच वजन (म्हणजे जाडी) आहे. तू बी दाबलंस की सॉफ्टवेअर स्वतःच अक्षर फुगवतं, म्हणून लिबलिबीत. तो मुळातच जाडा आहे, उभी रेघ २ पिक्सेलची आणि आडवी १ ची. ८ बाय ८ च्या चौकटीत बसवलेला आहे, ८० च्या दशकातल्या नामको कंपनीच्या आर्केड गेम्समधल्या अक्षरांवरून, त्यामुळे साईझ ८ च्या पटीतच ठेव, १६, २४, ६४ वगैरे, ३० ठेवलास की झालं वाटोळं. शिवाय प्रत्येक अक्षर जितकं उंच तितकंच रुंद, म्हणजे १०८० पिक्सेलच्या पोस्टला ६४ साईझमध्ये एका ओळीत १६ च अक्षरं मावतात, स्पेस धरून. लांब वाक्य विसर. खरंच जाड-बारीक पाहिजे असेल तर पिक्सेलिफाय सॅन्स हा फॉन्ट बघ, त्यात ४०० ते ७०० वजनं आहेत. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट.

काना_मात्रा:
मराठीचं उत्तर कोणी दिलंच नाही 😄 या दोन्हीत देवनागरी नाहीये भाऊ, म्हणून कॉम्प्युटर दुसरा फॉन्ट उचलतो. आणि आपलं अक्षर ८ पिक्सेलात मावत पण नाही, शिरोरेषा आली, वर मात्रा, खाली उकार, मधे बिचाऱ्या अक्षराला जागा किती उरणार? लोकलच्या प्लॅटफॉर्मवरचा इंडिकेटर जवळ जाऊन बघ, ठिपक्यांतलं मराठी कसं बसवलंय ते कळेल. युनिफॉन्ट नावाच्या फॉन्टमध्ये १६ पिक्सेल उंचीची देवनागरी आहे पण ती किडकिडीत, पोस्टरच्या मथळ्याला नाही चालायची. तू सरळ ग्राफ पेपरवर काढ, २० चौकोन उंच, शिरोरेषा २ चौकोन जाड. फक्त 'रेट्रो' नको रे बाबा, ट्रो मध्ये वर मात्रा, बाजूला काना, खाली ते टोपीसारखं र, आणि पुढच्या शब्दात परत त्र! नावच बदल.

आठ_बाय_आठ:
+१. आणि काढलेलं मोठं करताना सॉफ्टवेअरमध्ये 'निअरेस्ट नेबर' (कडा न मिसळता चौकोन तसेच मोठे करणारा पर्याय) निवड नाहीतर परत धुरकट होईल. पीएनजी ठेव, जेपेगमध्ये कडांना घाण लागते. वेळ-ठिकाण साध्या फॉन्टमध्ये टाक, पिक्सेलमध्ये पत्ता वाचून डोळे जातात.

ठोकळेबाज:
नाव 'जुना खेळ' केलंय. 'जुना खे' पर्यंत झालं पण ळ तिसऱ्यांदा खोडलाय, रुममेट म्हणतो चष्मा काढून ठेवल्यासारखा दिसतोय 😭 कोणाकडे ळ असेल तर टाका.