मधुमेह आणि आपलं ताट: तुमच्या घरी काय झालं ते लिहा

जास्वंद
आज माळा आवरताना बाबांची लांब दांड्याची छत्री सापडली. झटकायला उघडली तर आतून पेढ्याच्या कागदी वाट्या पडल्या. सात. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी माणूस अजून पकडला जातोय! हसले आणि मग तिथेच फतकल मारून रडले.

आईने साखरेचा डबा कपाटात कुलूपबंद केला होता. बाबा तपासणीच्या आधी चार दिवस मुकाट कारल्याची भाजी खायचे, उपाशीपोटीचा रिपोर्ट बरा यायचा, आणि येताना डेअरीत पेढा. मग डॉक्टरांनी एचबीएवनसी करायला लावली. तिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी कळते, चार दिवसांच्या कारल्याला ती दाद देत नाही. पितळ उघडं पडलं. आई पंधरा दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

गेल्या महिन्यात माझी स्वतःची ७.८ आली. वय ४६. आता घरातले सगळे माझ्या ताटात डोकावतात, आणि छत्री का लागायची ते कळतं. पथ्याच्या याद्या नकोत प्लीज, त्या माझ्याकडे ढीगभर आहेत. काय घडलं ते सांगा.

भाकरतुकडा
सोलापूर. पोळी बंद, ज्वारीची भाकरी चालते असं कुणीतरी वडिलांना सांगितलं. "चालते" एवढंच त्यांनी ऐकलं. आधी दोन पोळ्या खायचे, आता तीन भाकऱ्या, त्याही आईच्या हातच्या, म्हणजे ताटभर. वर शेंगाचटणी, तेल. दोन तासांनी २६०. भाकरीनं वाढतेच कशी म्हणून लॅबवाल्या पोराशी भांडून आले. आता एक भाकरी आणि शेपूची भाजी तिप्पट असा तह झालाय. आठवड्यातून दोनदा मोडतो.

शंकासूर
आमचे काका. साखर बंद, चहात गुळाचा खडा, तोही सुपारीएवढा नाही, लिंबाएवढा. म्हटलं काका, ही पण साखरच की. तर म्हणे सेंद्रिय आहे. रक्ताला सेंद्रिय कळतं का हो?

जास्वंद
@शंकासूर 😂😂 आमच्याकडे मध. "मध औषधी असतो."

मी_रत्नागिरीकर
मे महिन्यातली गोष्ट. पेटी उघडलेली, मी दहा-बारा हापूस चिरून रस काढून ठेवला. म्हटलं बसल्या बसल्या शुगर बघू. पंचाने हात पुसले आणि बोट टोचलं. ३४७! मी तर काही खाल्लंच नव्हतं (एक बाठा चोखला, तो धरत नाहीत). बायको घाबरली, शेजारच्याला गाडी काढायला सांगितलं. लेक शांतपणे म्हणाली, बाबा, आधी साबणाने हात धुवा. धुतले, कोरडे केले, दुसरं बोट. १४१. बोटावरच्या आंब्याची शुगर मोजली होती मी.

भाताचं म्हणाल तर सोडणार नाही. पण आधी कोशिंबीर, उसळ, मासा, आणि भात शेवटी, एकच वाटी, हे केल्यापासून माझं मशीन बरं बोलतं. आमचं असं होतं हं, तुम्ही आपलं मोजून बघा.

तिसरी_पाळी
ड्युटीवर आहे, थोडक्यात लिहितो. सगळे वाढण्याचंच बोलतात. माझी उतरली होती. रात्रीची गोळी घेतली आणि लाइन बंद पडली म्हणून जेवायला जायचं राहिलं. दीड वाजता हात थरथरायला लागले, दरदरून घाम, सुपरवायझरला उलटसुलट बोललो. त्याला वाटलं पिऊन आलाय. एका दोस्ताने ओळखलं, त्याच्या आईला आहे. मीटरवर ५४. मी खिशातलं चॉकलेट काढलं तर त्याने हिसकावलं, म्हणाला ते सावकाश चढतं, तुपातलं-दुधातलं नको. कॅन्टीनमधून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, मग डबा उघडायला लावला. तेव्हापासून लॉकरमध्ये साखरेची पुडी. दोन वेळा जेवायचं वगैरे डाएट सुरू करणाऱ्यांनो, गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मी विचारलं नव्हतं.

कोरडवाहू
@तिसरी_पाळी काळजी घ्या भाऊ. सुपरवायझरने नंतर माफी मागितली का?

तिसरी_पाळी
@कोरडवाहू वडापाव दिला. त्याला काय माहीत 😄

पिल्लूची_आई
लिहू की नको करत होते. माझ्या मुलीला टाइप वन आहे, नऊ वर्षांची आहे, सहाव्या वर्षी कळलं. हळदीकुंकवाला एक बाई म्हणाल्या, लाड करून चॉकलेटं खूप दिलीत का? अहो, तो आजार चॉकलेटने होत नाही. तिच्या शरीरात इन्सुलिन बनणंच बंद झालंय. ती वाढदिवसाला केक खाते. तुकड्यात पिष्ट-साखर किती याचा मी अंदाज घेते, तेवढं इन्सुलिन टोचते, मग खाते. तिला "नको गं, तुला चालत नाही" म्हणून ताटली बाजूला नेणारे फार भेटतात. आता तीच सांगते, "काकू, मी मोजलंय."

जास्वंद
@पिल्लूची_आई तिला माझ्याकडून पापा. खरंच.

अंगणवेल
सासूबाई चतुर्थी, एकादशी, सोमवार, सगळं धरतात. आणि उपवासाच्या दुसऱ्या दिवशी शुगर जास्त! काय खाल्लं? "काही नाही गं, उपवास होता." म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी, त्यात बटाटा, दुपारी केळं, खजूर, संध्याकाळी वऱ्याचे तांदूळ. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, हे मी तीन वर्षं सांगतेय. शेवटी देवघरातल्या देवाला मध्ये घातलं: राजगिराही उपवासालाच चालतो ना? आता राजगिऱ्याची एक छोटी भाकरी, दाण्याची आमटी, काकडी, ताक. दाणेही बेताने, नाहीतर मूठमूठ जातात. एकादशीला खिचडी मिळतेच, पण वाटीभर. नाही दिली तर शेजारच्यांकडे जाऊन खातात, तिथे ताटली भरून मिळते.

शंकासूर
शेजारी हा आपल्याकडे वेगळाच आजार आहे.

भाकरतुकडा
@अंगणवेल राजगिऱ्याची भाकरी थापताना तुटते आमच्या हिच्याकडून. काय करता?

अंगणवेल
@भाकरतुकडा कढत पाण्यात पीठ भिजवा, झाकून दहा मिनिटं ठेवा. मग प्लॅस्टिकच्या कागदावर थापा, हात पाण्याचा. तवा जास्त तापवू नका. काही जण उकडलेला बटाटा मळतात, पण मग काय उपयोग 😀

मी_रत्नागिरीकर
केळीच्या पानावर थापून बघा, अलगद सुटते.

भाकरतुकडा
सोलापुरात केळीचं पान रोज कुठनं आणू दादा. दुधाच्या पिशवीचा कागद चालेल का?

अंगणवेल
चालेल. धुऊन घ्या.