डॉक्टरांच्या पूर्वग्रहाला गुण देणार? कशावर?

रातपाळी: ‘प्रत्येक डॉक्टरची पूर्वग्रह-चाचणी घ्या आणि गुण दारावर लावा’ ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. अशा चाचणीत असतो कागदावरचा, चार ओळींचा रुग्ण. १९८२ चा तो गाजलेला प्रयोग घ्या. फुप्फुसाचा कॅन्सर, शस्त्रक्रिया की रेडिएशन? ‘पहिल्या महिन्यात ९० टक्के जगतात’ म्हटल्यावर ८४ टक्के डॉक्टरांनी शस्त्रक्रिया निवडली, ‘१० टक्के दगावतात’ म्हटल्यावर ५० टक्क्यांनी. माहिती तीच, नुसत्या शब्दांनी कौल फिरला. ठीक. पण कागदाला धाप लागत नाही. तिथे चुकणारा खाटेजवळही चुकतोच, हे कशावरून?

आकडेमोड: मग खरे रुग्ण घ्या. अमेरिकेतला २०२० चा अभ्यास: हार्ट अटॅक येऊन ऐंशीव्या वाढदिवसाच्या आधीच्या दोन आठवड्यांत दाखल झालेल्यांपैकी ७ टक्क्यांची बायपास झाली, नंतरच्या दोन आठवड्यांतल्यांपैकी ५.३ टक्क्यांची. इतक्यात हृदय म्हातारं होत नाही. बदलला तो वयाचा पहिला आकडा.

रातपाळी: बरं, समूहाचा कल दिसला. एकट्या डॉक्टरकडे असे रुग्ण येणार किती? त्यावरून त्याला गुण द्यायचे?

मीरा: तुमचं गणित चालू द्या. माझ्या बहिणीला जिना चढताना धाप लागायची. केसपेपरवर सुरुवातीलाच कुणीतरी ‘अँक्झायटी’ लिहून खाली रेघ मारली होती. नंतरचा प्रत्येक जण आधी ती रेघ बघायचा, मग तिच्याकडे. शेवटी फुप्फुसात गुठळी निघाली. माझं म्हणणं, आधी पेशंट बघा, मग कागद.

रातपाळी: गुठळी सापडल्यावर ती सगळ्यांनाच आधीपासून दिसत असते. यालाही पूर्वग्रहच म्हणतात. आणि कागद न वाचता ॲलर्जीचं औषध दिलं गेलं तर? तेव्हाही आम्हीच गुन्हेगार!

मीरा: ॲलर्जी ही नोंद आहे, ‘अँक्झायटी’ हा अंदाज होता. एवढा फरक कळत नसेल तर चाचणी घ्यायलाच हवी.

जुना कंपाउंडर: मीराताई बरोबर बोलतात. तपासणारा मान वर करत नाही, हेच मूळ दुखणं. कसल्या चाचण्या घेऊन बसलात!

आकडेमोड: त्यांच्या बहिणीबाबत झालं तेही मोजलं गेलंय. २०२३ चा अभ्यास: हार्ट फेल्युअरचे रुग्ण, धाप लागून इमर्जन्सीत आलेले. डॉक्टरने बघण्याआधीच्या नोंदीत ‘हार्ट फेल्युअर’ असेल तर गुठळीची तपासणी कमी वेळा झाली.

रातपाळी: हे मानतो, नाइलाजाने. पण मग दोष नोंदीच्या पद्धतीत शोधा. ‘अंदाज’ आणि ‘सिद्ध’ असे वेगळे रकाने करा, उद्यापासून भरतो. दारावर गुण लावायला माझा विरोध कायम.

मीरा: रकाने करा. तिची रेघ कुणी मारली, हे मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही.