ट्रूमन पाचवा कसा?

नाना: दिवाळी अंकाच्या हस्तलिखितासाठी दादाने लिहिलेला ‘इंग्लंडचे पाच सर्वश्रेष्ठ वेगवान गोलंदाज’ हा लेख आत्ताच वाचून संपवला आणि मन खट्टू झाले. अँडरसन ७०४, ब्रॉड ६०४, बोथम ३८३, विलिस ३२५ आणि सर्वांत शेवटी ट्रूमन ३०७, हा क्रम पाहिल्यावर बळींचे आकडे उतरत्या भांजणीने मांडले आहेत एवढेच कळते. कसोटी क्रिकेटमध्ये ३०० बळींचा टप्पा जगात ज्याने सर्वप्रथम ओलांडला, त्याला आपल्याच घरच्या अंकात पंगतीच्या टोकाला बसवलेले मला मान्य नाही.

दादा: नाना, तुमच्या मताचा आदर ठेवूनच सांगतो की हा क्रम मी विचार करून लावला आहे. अँडरसन २००३ मध्ये लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला आणि २०२४ मध्ये त्याच मैदानावर शेवटची. मधल्या २१ वर्षांत तो १८८ कसोट्या खेळला. वेगवान गोलंदाजाचे खांदे, गुडघे आणि घोटे दहा वर्षांत बोलू लागतात. ७०० बळींपर्यंत दुसरा एकही वेगवान गोलंदाज पोहोचलेला नाही, याला नुसती बेरीज म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

बापूकाका: सिडनी बार्न्स. २७ कसोट्या, १८९ बळी, सरासरी १६.४३. यादीत नाव नाही, याची नोंद घ्यावी.

वहिनी: लेख वाचल्यापासून नानांचा चहा टेबलावर तसाच आहे, हेही यादीकर्त्यांनी लक्षात घ्यावे. 🙂

नाना: सूनबाई, चहा घेतो, पण मुद्दा सोडत नाही. ट्रूमन ६७ कसोट्यांत २१.५७ च्या सरासरीने, म्हणजे बळीमागे तेवढ्याच धावा देऊन, बळी मिळवतो आणि अँडरसनची सरासरी २६.४५ आहे. शिवाय १९५४-५५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ट्रूमनला नेलेच नाही. त्याच्या वाट्याला १८८ कसोट्या आल्या असत्या तर आकडा कुठे गेला असता, याचा विचार लेखात एका ओळीनेही केलेला नाही. आणि १९५२ च्या हेडिंग्लेचा उल्लेखही नाही. पहिल्याच कसोटीत हा एकवीस वर्षांचा पोरगा धावत आला आणि दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्य धावांवर चार बाद अशी झाली. त्या चौघांपैकी तिघे त्याचे होते. पंकज रॉय झेलबाद झाले, आपले माधव मंत्री त्रिफळाचीत, आणि पहिल्या डावात १३३ धावांची देखणी खेळी केलेले विजय मांजरेकरही त्रिफळाचीत.

ताई (लीड्स): नाना, नमस्कार. हेडिंग्ले आमच्या घरापासून बसने वीस मिनिटांवर आहे आणि तिथे गेले की मला दर वेळी तुमचे ‘शून्यावर चार’ आठवते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही स्किप्टनला गेलो होतो. तिथे कालव्याच्या काठी ट्रूमनचा ब्राँझचा पुतळा आहे, चेंडू टाकण्याच्या आवेशातला. यॉर्कशरची म्हातारी माणसे त्याच्याविषयी अजून घरच्या माणसासारखे बोलतात, कारण तो खाणकामगाराच्या घरातला होता आणि साहेबी टोपी घातलेल्यांपुढे तोंड मिटून उभा राहिला नाही. दादा, तुझा लेख चांगला उतरला आहे, पण पाचवा क्रमांक मलाही खटकला.

अण्णा: ट्रूमनविषयी वाद नाही. मात्र नाना दर वेळी बोथमला बाजूला सारतात, तसे या वेळी होऊ देणार नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली, तेव्हा मी गरवारे स्टँडच्या बाजूला बसलो होतो. खग्रास सूर्यग्रहणामुळे दुसरा दिवस विश्रांतीचा ठेवला होता. बोथमने पहिल्या डावात ५८ धावांत ६, दुसऱ्या डावात ४८ धावांत ७ बळी घेतले आणि मधल्या वेळात ११४ धावाही काढल्या. चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षक बॉब टेलरकडे जात होता. टेलरने त्या एका सामन्यात दहा झेल घेतले. आमच्या बाकावरचे लोक दुसऱ्या डावात टाळ्या वाजवायचेही विसरले.

नाना: अण्णा, त्या सामन्याचे मोल मी कधीच नाकारलेले नाही. परंतु बोथम हा अष्टपैलू म्हणून थोर आहे. गोलंदाज म्हणून तो मध्यमगतीकडे झुकणारा, आणि कारकिर्दीच्या उत्तरार्धात तर बराच मंदावलेला. आपण वेगवान गोलंदाजांची यादी करत आहोत.

अण्णा: मग बापूंच्या बार्न्सला आणि दादाच्या अँडरसनलाही त्याच फूटपट्टीने मोजा. पट्टी माणूस पाहून बदलत असेल तर तसे आधी सांगावे. आणि १९५२ च्या मालिकेची बाबांनी हाताने लिहिलेली वही दोन वर्षे आपल्याकडे आहे, ती आम्हालाही कधीतरी पाहायला मिळाली तर बरे होईल.

नाना: वही मी सांभाळायला घेतली आहे, लपवलेली नाही. पावसाळ्यात तिला कसर लागली होती, हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

आक्का: दोघांनीही आवरावे. वेगाचाच प्रश्न असेल तर हॅरोल्ड लारवूडचे नाव कोणीच का काढले नाही? १९३२-३३ च्या ऑस्ट्रेलियातल्या शरीरवेधी (बॉडीलाइन, म्हणजे फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकण्याच्या) मालिकेत त्याने ३३ बळी घेतले. ब्रॅडमनला ज्याने साध्या माणसांच्या सरासरीच्या जवळपास आणले, असा दुसरा गोलंदाज झाला नाही. कर्णधार जार्डिन जन्माने मुंबईचा, त्याने आखलेली चाल लारवूडने अंगमेहनतीने पार पाडली. पुढे माफी मागण्याचा प्रश्न आला तेव्हा मात्र ती मागायला सांगितले या खाणकामगाराला. त्याने नकार दिला आणि तो पुन्हा कधी कसोटी खेळला नाही. त्याची कारकीर्द २१ कसोट्यांवर थांबली ती त्याच्यातल्या उणिवेमुळे नव्हे. या माणसाविषयी मला फार वाईट वाटते.

बापूकाका: सिडनी बार्न्स. २७ कसोट्या, १८९ बळी, सरासरी १६.४३. दक्षिण आफ्रिकेत १९१३-१४ मध्ये चार कसोट्यांत ४९ बळी. पाचवी कसोटी तो खेळलाच नाही.

अण्णा: आक्का, वेगाच्या बाबतीत फ्रँक टायसनही हवा. सिडनीला लिंडवॉलचा उसळता चेंडू डोक्याला लागून तो कोसळला, रुग्णालयात जाऊन आला आणि त्याच सामन्यात त्याने ऑस्ट्रेलियाला गुंडाळले. पुढे मेलबर्नला २७ धावांत ७ बळी घेतले. नंतर याच टायसनने मुंबईत येऊन आपल्या पोरांना वेगवान गोलंदाजी शिकवली, ते ऋण आपण विसरू नये.

छोटी: मी लहान आहे, पण एक विचारते. या यादीत फक्त पुरुषच का? २०१७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर आन्या श्रबसोलने ४६ धावांत ६ बळी घेतले. आपल्या सांगलीच्या स्मृतीचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि पूनम राऊत ८६ वर बाद झाल्यानंतर सामना फिरवला. आपण फक्त ९ धावांनी हरलो. त्या रात्री मी जेवले नव्हते, हे आईला ठाऊक आहे.

वहिनी: खरे आहे. वरणभात तसाच राहिला होता.

दादा: छोटी, तुझा मुद्दा योग्य आहे. लेखाच्या शीर्षकात ‘कसोटीतील पुरुष गोलंदाज’ असे लिहायला हवे होते किंवा श्रबसोलला जागा द्यायला हवी होती. मी दुसरे करीन. आता नानांना एक विनंती करतो. फेब्रुवारी २०२१ मधले चेन्नईच्या पाचव्या दिवसाचे अँडरसनचे ते एक षटक पुन्हा पाहा. चेंडू जुना, खेळपट्टी फिरकीची, गोलंदाजाचे वय ३८. गिल अर्धशतकावर नीट जम बसवून उभा होता. चेंडू आत आला, बॅट आणि पॅड यांच्यामधून गेला आणि यष्टी कोलांट्या खात मागे पडली. त्याच षटकात रहाणेचीही तीच गत झाली. दोन्ही वेळा मनगट सरळ, शिवण सरळ, आणि हातातून सुटेपर्यंत चेंडू कुठे वळणार याचा काडीचाही सुगावा नाही. वेग गेल्यावरही जो माणूस फलंदाजाला असे फसवू शकतो, त्याची २१ वर्षे म्हणजे २१ वर्षांचे शिक्षण होते.

ताई (लीड्स): विराटचेही त्यात जोडावे. २०१४ च्या मालिकेत अँडरसनने त्याला चार वेळा बाद केले आणि २०१८ मध्ये विराटने त्याला एकदाही बळी दिला नाही. ही दोन वर्षे शेजारी ठेवली की दोघांचीही उंची कळते.

नाना: चेन्नईचे षटक आत्ता पाहिले. रहाणेचा चेंडू तीनदा मागे घेऊन पाहिला. अँडरसन ट्रूमनच्या खाली आहे असे माझे म्हणणे कधीच नव्हते. त्याला ट्रूमनच्या शेजारी बसवायला माझी हरकत नाही. परंतु ब्रॉडला दुसऱ्या क्रमांकावर ठेवणे मला अजूनही पटत नाही. ट्रेंट ब्रिजला १५ धावांत ८ बळी ही अद्भुत सकाळ होती, ऑस्ट्रेलिया ६० धावांत गारद झाली, हे सारे खरे. तरीही विलिसने १९८१ च्या हेडिंग्लेवर ४३ धावांत ८ बळी घेतले तेव्हा ऑस्ट्रेलियाला जिंकायला फक्त १३० धावा हव्या होत्या. ते ओझे निराळे होते.

अण्णा: या एका मुद्द्यावर मी नानांच्या बाजूने आहे.

दादा: तर मग ट्रूमन आणि अँडरसन जोडीने पहिले, नंतर विलिस, नंतर ब्रॉड, पाचवा लारवूड, आणि बोथम, टायसन व श्रबसोल यांच्यावर स्वतंत्र चौकटी. शनिवारपर्यंत नवा मजकूर लिहून देतो. हस्तलिखिताची चार पाने त्यासाठी राखून ठेवा.

बापूकाका: सिडनी बार्न्स. २७ कसोट्या, १८९ बळी.

दादा: काका, बार्न्सवर तुम्हीच लिहावे अशी मनापासून विनंती आहे. तुमच्याइतका तो आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही.

बापूकाका: लिहितो. एक पान पुरणार नाही, दोन लागतील.

नाना: अण्णा, वहीचे ते पान उद्या सकाळी उजेडात नीट फोटो काढून इथे पाठवतो. बाबांनी ‘शून्य – ४’ लाल शाईने लिहिले आहे आणि मंत्रींच्या नावापुढे बारीक अक्षरात ‘अरेरे’ असे लिहिले आहे. वही रविवारी तुमच्याकडे घेऊन येतो. आठ दिवस ठेवा.