अनुभव धागा : स्वयंपाकघराच्या खिडकीत काय टिकलं, काय मेलं?

टिळकवाडीकर

या पावसाळ्यात माझ्या ओट्यामागच्या खिडकीतली चौथी कुंडी गेली. पहिली तुळस. दुसरा पुदिना. तिसरं कसलंसं निळ्या फुलांचं, एका नर्सरीत "याला काही लागत नाही अक्का" म्हणून गळ्यात मारलेलं. आणि चौथा मनीप्लांट. मनीप्लांट! लोकांच्या घरी दारूच्या रिकाम्या बाटलीत वाढतो तो, माझ्याकडे बुडाशी मऊ होऊन काळा पडला. शेजारच्या मामींनी निकाल दिला, "तुझ्या हाताला झाड लागत न्हाई बघ."

खिडकी उत्तरेची, अडीच फूट रुंद. पलीकडे हातभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत. खाली गॅस, बाजूला सिंक. आठवड्यातून दोनदा मासे तळले जातात. जुलैत कपडे वाळत नाहीत तिथं झाड काय वाळणार, असं वाटायचं. पण मेली ती सगळी याच दिवसांत.

पाचवी कुंडी आणायच्या आधी विचारतेय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, जिथं असाल तिथलं लिहा. याद्या नकोत. नेटवर पुष्कळ आहेत आणि त्या बर्फ पडणाऱ्या गावांतल्या लोकांनी केलेल्या असतात. कुठली खिडकी, किती पाणी, किती वर्षं जगलं, एवढं सांगा.

काचेचं कौल (शहापूर)

आमच्या स्वयंपाकघराला खिडकीच नाही, तरी लिहिते. जुनं गल्लीतलं घर, दोन्ही भिंती शेजाऱ्यांशी सामायिक, पुढं रस्ता, मागं परसू, मधे आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागं एक खोल्या. वर कौलांत एक काचेचं कौल बसवलंय. त्यातनं उजेडाचा एक चौकोन सकाळी दहाला मांडणीवर उतरतो आणि दोनपर्यंत सरकत सरकत जात्याजवळ जातो. त्या वाटेवर मी स्नेक प्लांट ठेवलंय. नऊ वर्षं झाली.

लोक म्हणतात ते अंधारातही जगतं. जगतं खरं, पण वाढत नाही. मरायला वेळ घेतं एवढंच. पहिली दोन वर्षं कोपऱ्यात होतं तेव्हा एक पान फुटलं नाही. उजेडाच्या वाटेवर आणल्यावर वर्षाला चार-पाच येतात. काचेच्या कौलावर धुरानं काजळी धरते. दसऱ्याच्या साफसफाईत ते धुतलं की महिन्या-दीड महिन्यात नवा कोंब दिसतो.

पाणी उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. मृगापासून गणपतीपर्यंत महिन्यातून एकदा पेलाभर, तेही कुंडी उचलून हलकी लागली तरच.

खिडकीतनं मासे

मनीप्लांट मारणारं माणूस मी पहिल्यांदा बघायलोय. हलके घ्या.

जांबोटीची सून

टिळकवाडीच्या ताई, तुमचा पाऊस म्हणजे आमच्याकडचं दव. माझं सासर जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या बाजूला, मलप्रभेचा उगम आहे तिकडं. जूनमध्ये खिडकी लावली की सप्टेंबरात उघडायची. चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, पापडाच्या डब्यात येते, देवाच्या फोटोच्या मागं येते. लग्न होऊन आले तेव्हा माहेरहून, गोकाकहून, दोन कोरफडी आणि एक जेड, जाड गोल पानांचं झाड, घेऊन आले होते. गोकाकच्या उन्हात कोरफडीकडं बघायचीही गरज नसायची. इथं पहिल्याच श्रावणात दोन्ही कोरफडी आतून पाणी होऊन बसल्या, नुसतं बोट लावलं तर पान हातात. जेडची पानं रोज सकाळी ओट्यावर मण्यांसारखी पडलेली. मी रडले होते, खोटं कशाला सांगू.

सासूबाई म्हणाल्या, "रानात बघ काय वाढतंय, तसलं लाव." तेव्हा राग आला होता, पण पुढं त्यांचंच खरं निघालं. आमच्या रानात पहिल्या पावसानंतर कुळी उगवते, तुमच्याकडं फोडशी म्हणत असतील, भाजी करतात ती. स्पायडर प्लांट हा त्याच कुळीच्या गोतावळ्यातला, दोघांच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्द एकच, क्लोरोफायटम. उपटून बघा, मुळ्यांना पांढऱ्या जाड गाठी असतात, पाणी साठवायला. बहिणीनं बेळगावहून एक पिल्लू दिलं होतं ते खिडकीत टांगलं. आता सहावं वर्ष. माळेसारखी पिल्लं लोंबतात, आल्या-गेल्याला देते. (स्पायडर प्लांटची भाजी मात्र कुणी करू नका, नात्यातलं असलं तरी.)

दुसरी पानफुटी. पान तोडून खिडकीच्या चौकटीवर नुसतं ठेवलं तरी कडेकडेनं रोपं फुटतात. तिला मारायचं म्हटलं तरी जमत नाही. उलट परसात पडली तर आवरत नाही, तेवढं बघा.

पावसाळ्यात पाणी? चार महिने शून्य. कुकरच्या वाफेनं आणि हवेतल्या ओलीनं भागतं.

माती आणि आवा (खानापूर)

सगळे झाडाचं नाव विचारतात, कुंडीचं कुणी विचारत नाही. आमचं खानापूर माती आणि कौलांसाठी ओळखलं जातं, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थासुद्धा इथंच आहे, त्यामुळं माझी बाजू घ्या पाहिजे तर पक्षपाती म्हणून. पण पावसाळी हवेत प्लास्टिकची कुंडी म्हणजे रेनकोट घालून घाम येणं. भाजलेल्या मातीची, न रंगवलेली कुंडी अंगातनं पाणी बाहेर टाकते. तीच कुंडी ऑइलपेंटनं लाल रंगवली की तिची सगळी भोकं बुजतात, मग ती आणि प्लास्टिक सारखंच.

दोन चुका मी स्वतः केल्यात. कुंडीच्या तळाला कौलांचे तुकडे घालून वर नुसती तांबडी माती. वाटायचं पाणी निथळेल. निथळत नाही, बारीक माती आपलं पाणी धरून बसते, खालच्या तुकड्यांत सोडायला तयार नसते, आणि ओल उलट मुळांच्या जवळ येते. कौल फोडून, हरभऱ्याएवढा चुरा करून मातीतच मिसळायचा. मी दोन भाग चुरा, एक भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत घेतो. आपली तांबडी माती एकटी वाळली की वीट होते.

दुसरी चूक, खालची बशी. ओट्यावर डाग नको म्हणून बायको बशी ठेवायची, बशीत पाणी साचायचं, झाड त्यात उभं.

आणि एक. परसातलं झाड लांब असतं, बादली उचलून जावं लागतं म्हणून वाचतं. स्वयंपाकघरातलं नळाच्या हाताशी असतं. भांडं विसळलं, ओत कुंडीत. तांदूळ धुतले, ओत कुंडीत. ताई, तुमची चारही झाडं तहानेनं गेली नाहीत, बुडून गेलीत.

टिळकवाडीकर

@माती आणि आवा, तांदळाचं धुवण मी रोज घालत होते हो. रोज! कुणीतरी सांगितलं होतं पौष्टिक असतं म्हणून. चिलटं व्हायची त्याचं कारण आत्ता कळलं.

दोन नंबर वखार (निपाणी)

चिलटांवरून आठवलं. आमच्याकडं कशालाही कीड लागली की औषध एकच, तंबाखूच्या काड्या रात्रभर भिजवलेलं पाणी. आजोबा वखारीत होते, काड्यांना तोटा नव्हता. स्वयंपाकघरातल्या मनीप्लांटला पिठ्या ढेकूण झाला तेव्हा मी मोठ्या अभिमानानं तेच पाणी मारलं. खाली कोथिंबीर निवडत बसलेली आई. जी काय बोलली ते इथं लिहीत नाही.

तिचं बरोबर होतं. निकोटीन विषच आहे आणि कातडीतनंही अंगात जातं, जिथं भाकरी थापतो तिथं ते नकोच. शिवाय शेजारी मिरची-टोमॅटोचं रोप असेल तर तंबाखूचा व्हायरस त्याला लागू शकतो. नंतर कापसाचा बोळा आणि साबणाचं पाणी, आठवड्यातून एकदा, पानाच्या मागून. दीड महिन्यात किडा गेला.

फोडणीचा चिकट थरसुद्धा त्याच फडक्यानं निघतो. खिडकीतलं कुठलंही झाड महिन्यातनं एकदा पुसा. तेल आणि धूळ मिळून पानावर जी साय धरते तिच्यातनं उजेड काय जाणार?

पश्चिमेची खिडकी (अथणी)

इथं सगळे पावसाचं रडगाणं गातायत म्हणून आमचंही ऐका. अथणीत पाऊस विचारून येतो. एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर माझ्या पश्चिमेच्या खिडकीतल्या कडाप्प्यावर हात ठेवता येत नाही. खानापूरच्या दादांची मातीची कुंडी इथं सकाळी पाणी घातलं की संध्याकाळी कोरडी, त्यामुळं आम्ही मुद्दाम प्लास्टिक वापरतो. स्पायडर प्लांट आणला होता. आमच्या बोअरच्या खारट पाण्यानं त्याची टोकं जळाली, देऊन टाकला.

टिकलं ते पानओवा. शेजारच्या अव्वा त्याला दोड्डपत्रे म्हणतात, ताकात वाटून तंबळी करतात. आम्ही भजी करतो. फांदी मोडून खोचली की लागते. खोकल्याला पान, भज्याला पान, आणि जितकं तोडाल तितकं दाट. शोभेचं झाड ठेवून नुसतं बघत बसण्यापेक्षा हे बरं, असं माझं स्पष्ट मत. कोरफडही आहे, उन्हानं तांबूस झालीय पण जिवंत.

दूधगंगाकाठ (सदलग्याजवळ)

ऑगस्ट 2019. पाणी चढायला लागलं तेव्हा म्हशी, कागदपत्रं आणि आज्जीला घेऊन आम्ही चिकोडीला मावशीकडं गेलो. आमच्या स्वयंपाकघरात पाणी ओट्याच्या वर गेलं, खिडकीच्या कट्ट्याला चार बोटं राहिली. कट्ट्यावर झेडझेड प्लांटची कुंडी होती, भावाला ऑफिसात कुणीतरी भेट दिलेली.

तीन आठवड्यांनी परतलो. भिंतीवर चिखलाची रेघ, डबे उलटेपालटे, पीठ-तांदूळ सगळं कुजलेलं. ती कुंडी जशीच्या तशी. पानांवर तुकतुकी तीच. आई त्या दिवशी कशाला बघून रडली नाही, त्या झाडाला बघून रडली.

नंतर कुंडी बदलताना बघितलं, मातीत बटाट्यासारखे कंद असतात, पाणी तिथं असतं. मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, तिथं कोरडे महिने काढायची सवय. आम्ही वीस-पंचवीस दिवसांनी पाणी घालतो. वाढतं फार हळू, धीर पाहिजे.

निवृत्त मास्तर (हिंदवाडी)

दोन गोष्टी, मग गप्प बसतो.

पहिली खिडकीच्या दिशेची. उत्तरेच्या खिडकीत दुपारचं ऊन वर्षभर येत नाही, हे युरोपात खरं. बेळगाव जवळपास 15.85 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे उत्तरेच्या खिडकीत मे महिन्यात चक्क ऊन येतं, जूनमध्ये ढग ते झाकतात, आणि डिसेंबरात मात्र काहीच नाही. सावलीला सवयीचं झालेलं झाड मे महिन्यात एकदम भाजतं. तेवढे दिवस कुंडी हातभर आत घ्या. उजेड पुरतो का याची माझी परीक्षा साधी आहे : दुपारी बाराला दिवा न लावता, कुंडीच्या जागी 'तरुण भारत'मधल्या छोट्या जाहिराती वाचता आल्या पाहिजेत. (चष्मा लावून.)

दुसरी हवेची. स्नेक प्लांट ठेवला की हवा शुद्ध होते असं नर्सरीत सांगतात. त्याचं मूळ नासाच्या 1989 च्या प्रयोगात आहे, पण तो बंद पेटीतला प्रयोग होता. 2019 मध्ये अशा प्रयोगांची फेरतपासणी झाली, तेव्हा निघालं की उघड्या खिडकीइतकी हवा झाडांनी साफ करायची तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. मासे तळताना एक्झॉस्ट लावा.

खिडकीतनं मासे

मास्तर, हजार झाडं ठेवली तर मासे कुठं तळायचे?

वडगावची भाडेकरू

घरात दीड वर्षाचं बाळ आहे म्हणून मुद्दाम लिहिते. मनीप्लांट, झेडझेड, सिंगोनियम, तिन्हींत अळूसारखेच सुईच्या आकाराचे खडे असतात, चावलं तर तोंड-जीभ सुजते. आमच्या घरमालकीणबाईंनी सिंगोनियमची पानं बघून "वडी छान होईल" म्हटलं होतं. चिंच घालून सोय होते ती अळूची, याची नाही. मी सगळं वर टांगलंय आणि खाली फक्त पानओवा ठेवलाय. कोथिंबीर-पुदिन्याच्या जुड्या ठेवायची जागाही वेगळी केलीय, घाईत हात चुकतो.

टिळकवाडीकर

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मेलेल्या मनीप्लांटची कुंडी आज परसात उपडी केली. रंगवलेली, खाली बशी, आत तांबडा चिखल, मुळं काळी, वास गटारासारखा. चार फांद्यांपैकी एकीचं टोक हिरवं होतं, ते पेलाभर पाण्यात ठेवलंय, बघू.

शनिवारी खानापूरला जातेय, कुंडी तिथूनच घेईन. झाड स्नेक प्लांट ठरलं. शहापूरच्या काकू, एखादं पिल्लू मिळेल का?

काचेचं कौल (शहापूर)

कालच सोडवून ठेवलंय. बुडाची जखम चार-पाच दिवस वाळू दे, ओली लावली तर कुजते. रविवारी या, चहाला थांबा. लावल्यावर आठ दिवस पाणी घालायचं नाही. सिंकपासून लांबच्या कोपऱ्यात ठेवा, आणि मामींना काय झाड आहे ते सांगू नका.