मदत हवी आहे: डॉमिनिका बेटावर एका दिवसात धबधबे आणि गरम पाण्याची कुंडं, सोबत सत्तरीचे आई-बाबा

कृष्णाकाठ

मंडळी, जानेवारीत आम्ही प्वेर्तो रिकोतल्या सान हुआनहून सुटणाऱ्या क्रूझने कॅरिबियन बेटांवर जातोय. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सांगलीहून आलेले आई-बाबा. बाकीच्या बेटांवर किनारा आणि बाजार एवढंच करायचं ठरलंय, त्यात विचारण्यासारखं काही नाही. प्रश्न आहे डॉमिनिकाचा. (डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे. हे ग्वादलूप आणि मार्टिनिकच्या मधलं छोटं डोंगराळ बेट. आम्हाला एका एजंटने आधी भलत्याच देशाचं ब्रोशर पाठवलं होतं, म्हणून सांगून ठेवते.)

जहाज सकाळी आठला लागतं, साडेचारपर्यंत परत चढायचं. तेवढ्या वेळात गाइडसोबत दिवसभराची सहल करायची आहे. दोन पर्याय समोर आहेत. एक क्रूझवाल्यांचा: ट्रॅफल्गर फॉल्स, एमराल्ड पूल, वॉटन वेव्हनची गरम कुंडं आणि वर शहरदर्शन, सगळं एका मोठ्या बसमधून, तीस-चाळीस माणसांच्या घोळक्यात. दुसरा एका स्थानिक ड्रायव्हर-गाइडचा, नंबर ऑफिसातल्या मैत्रिणीने दिला. तो म्हणतो, गाडी फक्त तुमची, म्हणाल तिथे नेतो, म्हणाल तेवढा थांबतो. दर जवळपास निम्मा.

आता अडचणी. बाबांचा उजवा गुडघा बदललेला आहे. सपाटीवर ते आम्हाला मागे टाकतात, पण ओल्या दगडावर हात द्यावा लागतो आणि कुणी हात दिलेला त्यांना खपत नाही. आईला बीपीची गोळी चालू आहे आणि गरम कुंडात डुंबायची भारी हौस. वज्रेश्वरीला गेलो होतो तेव्हा ती बाहेर यायलाच तयार नव्हती. त्यात बाबांनी कुठेतरी तिथल्या बॉइलिंग लेकबद्दल वाचलंय. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, उकळतं तळं म्हटल्यावर विषय सोडेल कसा? रोज जेवताना एकदा निघतोच.

तर एवढ्या वेळात नेमकं काय बसतं? आईने कुंडात उतरावं का? शाकाहारी काही मिळतं का, कारण दोघं अंडंही खात नाहीत? आणि स्वतःचा गाइड घेतला आणि वाटेत खोळंबा झाला, तर जहाज थांबतं का? व्हिसाचं सगळं बघून झालंय, त्यावर कृपया नको.

शेंगदाणा

डॉमिनिका म्हणजे २०२३ मध्ये यशस्वी जैस्वालने पदार्पणातच १७१ ठोकले ते ना? राजधानी रोझोमधलं विंडसर पार्क मैदान. अश्विनने त्याच कसोटीत बारा बळी घेतले होते. मदत शून्य आहे, कल्पना आहे, पण बाबांना सांगा. तळ्यावरून लक्ष उडेल.

भटकभवानी

आम्ही तिथे राहून फिरलोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

बॉइलिंग लेक आधी निकालात काढू. तिथे गाडी जात नाही. लॉदा गावाजवळून चालायला सुरुवात करायची, जाऊन-येऊन सहा ते सात तास, आणि ते पायाने धड असलेल्या माणसाला. चिखल, लाकडाच्या ओंडक्यांच्या पायऱ्या, ओढे, आणि शेवटी व्हॅली ऑफ डेसोलेशन, जिथे जमिनीचा पापुद्रा कुठे पक्का आणि कुठे फसवा हे फक्त गाइडला कळतं. तुमच्या वेळेत चाळिशीतल्या माणसालाही जमायचं नाही. बाबांना माहिती मात्र भरपूर द्या. तळं साधारण ६० मीटर रुंद आहे, कडेच्या पाण्याचं तापमान ८२ ते ९२ अंशांच्या घरात, आणि मधोमध इतकं उसळतं की तिथे मोजायला कोण जाणार. मुळात ते पाण्याने भरलेलं वाफेचं भोक आहे. खालून गरम वायू जोराने वर येतात, वरून पाऊस आणि ओढ्यांचं पाणी भरतं, आणि दोन्हींचा तोल राहिला की तळं राहतं. २००४ च्या डिसेंबरात हा तोल बिघडला आणि पाणी झपाट्याने खाली गेलं होतं. पाटबंधाऱ्यांतल्या माणसाला हे गोष्टीरूपात पुरेल असं वाटतं.

आता जमण्यासारखं काय. क्रूझवाल्यांची यादी वाचून वाटलं की ती बसमध्ये बसण्याचीच सहल आहे. ट्रॅफल्गर आणि वॉटन वेव्हन दोन्ही रोझोच्या वरच्या खोऱ्यात, एकमेकांना लागून, गावातून अर्ध्या तासाच्या आत. एमराल्ड पूल मात्र बेटाच्या मध्यावर, वेगळ्याच रस्त्याला. तळं सुंदर आहे, वाटही सोपी, पण जहाज लागलेल्या दिवशी तिथे पाण्यापेक्षा माणसं जास्त. मी तुमच्या जागी असते तर एमराल्ड पूल सरळ कापला असता.

ट्रॅफल्गरला तिकीटघरापासून चांगली पायवाट आहे, दहा-पंधरा मिनिटं, मधे थोड्या पायऱ्या, आणि शेवटी लाकडी सज्जा. समोर दोन धबधबे: डावीकडचा उंच तो फादर, उजवीकडचा ठेंगणा पण भरलेला तो मदर. फादरच्या बाजूला दगडांवर नारिंगी-तांबूस ओघळ दिसतील. तिथून गरम पाणी झिरपतं आणि त्यातल्या लोहाने दगड रंगतो. थंड धबधबा आणि गरम झरा एकाच ठिकाणी, ही या जागेची खरी मजा. पण त्या गरम पाण्यापर्यंत जायचं तर सज्ज्यापलीकडे घरभर उंचीचे शिलाखंड चढून-उतरून जावं लागतं आणि ते शेवाळलेले असतात. बाबा सज्ज्यावरच थांबतील हे आदल्या रात्री ठरवून टाका, तिथे पोचल्यावर वाद नको. नवरा आणि लेक गाइडसोबत मदरच्या डोहापर्यंत जातील का, ते त्या दिवशीच्या पावसावर.

वॉटन वेव्हनमध्ये छोटी छोटी खासगी स्नानघरं आहेत. दगडी टाक्या बांधलेल्या, वरून पाइपाने गरम पाणी, प्रत्येक टाकीचं तापमान वेगळं. गावात रस्त्याच्या कडेलाच वाफेची भोकं आणि खदखदणारा राखाडी चिखल आहे. बाबांना तिथे न्या. बॉइलिंग लेकचा धाकटा भाऊ गाडीतून उतरल्या उतरल्या बघायला मिळेल.

दर्यावर्दी

जहाजाच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, थांबत नाही. क्रूझवाल्यांची स्वतःची बस उशिरा आली तर थांबतात, बाकीच्यांसाठी नाही. म्हणून घाबरून त्यांचीच सहल घ्या असं मात्र मी म्हणणार नाही. तुमचा बेत रोझोपासून अर्ध्या तासाच्या टप्प्यात आहे. गाइडला सांगा, तीन वाजता आम्ही धक्क्यावर हवेत. साडेचार म्हणूच नका.

त्याआधी जहाज नेमकं कुठे लागतंय ते बघा. रोझो गावाच्या समोरच लागलं तर उत्तम. वुडब्रिज बे बंदरात लागलं तरी जवळच. पण काही जहाजं उत्तरेला पोर्टस्मथजवळच्या कॅब्रिट्सला लागतात. तसं असेल तर वर भटकभवानींनी लिहिलेलं सगळं तासाभराहून जास्त लांब पडेल, आणि वळणांचा रस्ता, आईंना गाडी लागत असेल तर अवघडच. मग बेत नव्याने आखा.

पैशाचं: तिथे ईस्ट कॅरिबियन डॉलर चालतो, एक अमेरिकन डॉलर म्हणजे २.७०, आणि हा दर १९७६ पासून बांधलेलाच आहे. अमेरिकन डॉलरही सगळे घेतात. पण ड्रायव्हर नुसतं ‘दोनशे डॉलर’ म्हणाला तर कुठले डॉलर ते लेखी विचारा. व्हॉट्सअॅपवर तसा एक मेसेज असला की धक्क्यावर हुज्जत होत नाही. आणि ठिकाणांची प्रवेश फी धरून की वेगळी, तेही. टॅक्सीच्या नंबरप्लेटवर सुरुवातीला एच असतो, तो बघून बसा.

निशिगंध_डॉ

आईंबद्दल. बीपी आटोक्यात असेल, हृदयाचा दुसरा काही त्रास नसेल, तर कोमट टाकीत थोडा वेळ बसायला सहसा हरकत नसते. तरी कुठली गोळी चालू आहे ते तुमच्या डॉक्टरांना सांगून एकदा विचाराच. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, गोळीचा परिणाम त्यात मिसळला की बीपी एकदम उतरू शकतं. पाण्यात बसलेल्या माणसाला ते कळत नाही, उठून उभं राहिल्यावर कळतं, आणि तिथे खाली ओला दगड असतो. सगळ्यात गरम टाकी त्यांच्यासाठी नाही. दहा मिनिटं, मग कठड्यावर बसून पाणी प्यायचं, वाटलं तर पुन्हा दहा मिनिटं. उठताना कुणीतरी शेजारी हवं. तिथे रम पंच विकतात, तो कुणीच कुंडाआधी घेऊ नये. हे नवरोजींसाठी.

लेकीसाठी एक कडक नियम: नैसर्गिक गरम पाण्यात डोकं बुडवायचं नाही, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. अशा पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. तो पोटात गेला तर काही होत नाही, नाकावाटे मेंदूत गेला तर जवळजवळ उपाय नसतो. फार दुर्मीळ आहे, पण शेजारच्याच ग्वादलूप बेटावर २००८ मध्ये गरम कुंडात आंघोळ केलेला एक लहान मुलगा याने दगावला. सूर मारायचा तो थंड डोहात मारू दे.

ओली_वाट

खाण्याचं मी सांगते. कॅलालू नावाचं सार सगळीकडे मिळतं, ते डाशीन म्हणजे आपल्या अळूच्याच पानांचं, नारळाच्या दुधातलं. आईंना चव परकी वाटणार नाही. पण त्यात खेकडा घालायची पद्धत आहे, त्यामुळे ‘व्हेज’ म्हणून भागणार नाही, ‘नो क्रॅब, नो फिश, नो मीट’ असं फोडून सांगा. दुसरं, तिथे रास्ताफारी पंथाचे लोक बरेच आहेत आणि त्यांचं ‘इटल’ जेवण शाकाहारी असतं. मीठ कमी, म्हणून सोबत लोणच्याची पुडी. गाइडला आधी सांगितलं तर तो अशाच ठिकाणी नेईल. आणि कुठे मेनूवर ‘माउंटन चिकन’ दिसलं तर ती कोंबडी नव्हे, बेडूक आहे. आता तो नामशेष व्हायच्या बेतात आहे आणि शिकारीला बंदी आहे, तेव्हा दिसू नयेच.

आईंच्या पायांत चांदीची जोडवी असतील तर ती जहाजावरच्या तिजोरीत. गंधकाच्या पाण्यात चांदी बघता बघता काळी होते. माझे पैंजण घरी येऊन घासताना नाकी नऊ आले. कपडे गडद रंगाचे, कारण लोहाचे डाग जात नाहीत. पंजाबी ड्रेस घालून उतरल्या तरी तिथे कुणी काही म्हणत नाही, फक्त ओढणी नको.

कृष्णाकाठ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! जहाज रोझोलाच लागतंय, तपासलं. स्थानिक गाइडच घेतोय. बाबांना तळ्याची माहिती वाचून दाखवली. आता त्यांचं म्हणणं, २००४ ला पाणी गेलं कुठे? मी कपाळाला हात लावलाय.

आमच्यात क्रमावरून वाद आहे. नवरा म्हणतो आधी कुंड, म्हणजे गर्दीच्या आत उरकेल. मला वाटतं आधी धबधबा. आणि तितू गॉर्जही जवळच आहे म्हणे, लेक फोटो बघून हटून बसलीये.

भटकभवानी

आधी धबधबा. सकाळी ट्रॅफल्गरला क्रूझच्या बसेस पोचायच्या आत पोचाल आणि सज्जा मोकळा मिळेल. कुंडात टाक्या अनेक असतात, तिथे गर्दी वाटली जाते. शिवाय कुंडातून बाहेर आल्यावर पाय सैल पडतात, मग कुणाला पायऱ्या चढाव्याशा वाटत नाहीत, बाबांना तर नकोच.

तितू गॉर्ज म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद, अंधारी चीर, त्यातून थंडगार पाण्यात पोहत आतल्या धबधब्यापर्यंत जायचं. लाइफ जॅकेट घालून लेक आणि नवरा जाऊ शकतात, आई-बाबा वर थांबतील. पण वर डोंगरात पाऊस असेल तर पाणी अचानक चढतं आणि आत निसटायला जागा नसते. गाइड नको म्हणाला तर नको. जानेवारी कोरड्या दिवसांतला असला तरी त्या डोंगरांत बाराही महिने पाऊस पडतो.

दर्यावर्दी

तितूला मी नाहीच म्हणेन. तीन ठिकाणी कपडे बदलायचे, एका गाडीत पाच ओली माणसं, त्यात दोन म्हातारी. एवढा सोस कशाला? आई-बाबांसाठी जाताय तर दोन जागा निवांत बघा.

भटकभवानी

दर्यावर्दी, आठ वर्षांच्या पोरीचंही काही आहे की नाही? अर्ध्या तासाचं काम आहे ते. तेवढ्या वेळात आई-बाबा लॉदा गावाजवळ थांबू शकतात. आणि कृष्णाकाठ, बाबांना सांगा, त्या खोऱ्यात लॉदा, ट्रॅफल्गर आणि पाडू अशी तीन जलविद्युत केंद्रं एकाखाली एक आहेत. वरच्याचं पाणी खालच्याला जातं. ट्रॅफल्गरच्या रस्त्यालगत जाडजूड पाइपलाइन दिसेल, ती त्याचीच. आणि लॉदाजवळ १० मेगावॅटचा भूऔष्णिक वीजप्रकल्पही हाती घेतलाय, म्हणजे तळ्याखालच्या त्याच उष्णतेवर वीज.

कृष्णाकाठ

हे वाचून दाखवल्यावर बाबांनी चष्मा लावून नकाशा मागवला आणि बॉइलिंग लेकचं नाव काढलं नाही. गाइडला आत्ताच मेसेज टाकलाय: सव्वाआठला धक्का, ट्रॅफल्गर, पाऊस नसला तर तितू, मग जेवण, शेवटी वॉटन वेव्हन, तीनला परत. पाइपलाइनपाशी गाडी थांबवायचं वेगळं लिहिलं. अमेरिकन डॉलर, फी धरून, असं त्याच्याकडून लेखी आलंय.

एकच राहिलं. बाबांना पायात काय घालू? त्यांचा सँडलचा हट्ट आहे.

ओली_वाट

मागे पट्टा असलेले, रबरी खाचांचे तळवे असलेले सँडल चालतील. नुसती चप्पल नको. कुंडाच्या कठड्यापर्यंत घालूनच जाऊ द्या, दगड तापलेले असतात.

शेंगदाणा

आणि काठी गाइडकडे द्या. गाइडने दिलेला हात ते घेतील, जावयाचा नाही घेणार.