आरसी ३९० ट्रॅकसाठी चेन-स्प्रॉकेट: पुढे १४ घालू की मागे ४७?

लालमाती_कोल्हापूर
नमस्कार मंडळी, माझ्याकडे केटीएमची पहिल्या मॉडेलची आरसी ३९० बाइक आहे, रस्त्यावर काढतच नाही आता, फक्त ट्रॅक. कंपनीचं १५/४५ आहे (पुढच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाला, १५ दात आणि मागच्याला ४५) आणि चेन आता गेली, दोन-तीन लिंक जाम आहेत, चाक फिरवलं की एका जागी टाईट आणि एका जागी सैल लागते. पुढच्या सीझनला कोइमतूरच्या कारी ट्रॅकला क्लब रेस करायची आहे आणि जमलं तर चेन्नईला पण. कारीला मला जाणवलं की हेअरपिनमधून (यू आकाराच्या वळणातून) बाहेर पडताना गाडी मेल्यासारखी होते आणि स्ट्रेटवर सहावा टाकेपर्यंत ब्रेकिंग येतं. गॅरेजवाला म्हणतो पुढे १४ दात टाक, दोन-तीनशेत काम होतंय, चेन तेवढी नवीन घे. दुसरा मित्र म्हणतो मागे ॲल्युमिनियम घे. आणि चेन ५२० साइजचीच ठेवू का ४२८ ची घालून हलकी करू? जरा नीट सांगा, पैसे एकदाच घालायचे आहेत.

पिटलेन_पुणे
भाऊ आधी ४२८ डोक्यातून काढ. ४२८ चा पिच (दोन पिनमधलं अंतर) १२.७ मिमी आणि ५२० चा १५.८७५, म्हणजे दोन्ही स्प्रॉकेट बदलावी लागतील, आणि ती चेन दीडशे-दोनशे सीसीच्या गाड्यांची आहे, ३९० च्या टॉर्कला रेसमध्ये ती मी तरी कुणाला घालू देणार नाही. लोक लिटर बाइकची ५२५ किंवा ५३० काढून मुद्दाम ५२० घालतात वजन कमी करायला, तुझ्याकडे ती आधीच आहे.

दुसरं, फक्त चेन बदलू नकोस. जुनी चेन ताणली की पिच वाढतो आणि दात त्याच मापाने झिजतात, त्यावर नवीन चेन घातलीस तर ती थोड्या दिवसांत जुन्यासारखीच होणार. तिन्ही एकत्र घे. खात्री करायची असेल तर केटीएमच्या मॅन्युअलमधलीच पद्धत आहे, चेनच्या खालच्या भागाला वजन लटकवून १८ रोलरचं अंतर मोज, नवीन चेनला ते साधारण २७० मिमी येतं आणि २७२ च्या वर गेलं की चेन संपली. दोन मिमी ऐकायला काहीच नाही वाटत पण तेवढ्यातच सगळं आहे. तीन-चार जागी मोज, तुझी एका जागी टाईट आहे म्हणजे झीज सगळीकडे सारखी नाहीये.

रेसलाईन_नाशिक
गिअरिंगचं मी सांगते, कारण पुढे १४ हा सल्ला सगळे देतात आणि त्यातच गडबड होते. १५/४५ म्हणजे रेशो ३.००, मागचे दात भागिले पुढचे. १४/४५ केलंस की ३.२१, म्हणजे त्याच आरपीएमला स्पीड साधारण पावणेसात टक्के कमी. १५/४७ केलंस तर ३.१३, म्हणजे सव्वाचार टक्के कमी. पुढचा एक दात मागच्या जवळजवळ तीन दातांएवढा असतो, म्हणून पुढचं बदललं की उडी मोठी बसते आणि मधलं काही सापडत नाही. शिवाय पुढचं स्प्रॉकेट लहान झालं की चेनला जास्त वळावं लागतं, घर्षण वाढतं आणि चेन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी पट्टीवर जास्त घासते. एकदा ती पट्टी उघडून बघ, खाल्लेली असेल तर ती पण बदल.

कारी २.१ किमीचा, वळणावर वळण, तिथे शॉर्ट गिअरिंग (पिकअप जास्त, टॉप स्पीड कमी) चालतं. चेन्नई ३.७ किमी, स्ट्रेट लांब, तिथे तेच स्प्रॉकेट ठेवलंस तर सहाव्यात लिमिटरला (इंजिनच्या आरपीएमच्या मर्यादेला) आपटशील आणि मागचे दोन जण आरामात पुढे जातील. आणि कधी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध ट्रॅकला गेलास तर तिथली मागची स्ट्रेट एक किमीच्या वर आहे, तिथे कंपनीचं ४५ किंवा त्याहून लहान लागेल. म्हणून माझं म्हणणं, पुढे १५ कायम ठेव आणि मागची दोन-तीन वेगळी ठेव, ४५ तुझ्याकडे येईलच, ४६ आणि ४७ घे.

कोणतं बरोबर ते कसं ठरवायचं, तर सगळ्यात लांब स्ट्रेटच्या शेवटी ब्रेक मारायच्या जरा आधी शेवटच्या गिअरमध्ये इंजिन पॉवरच्या टोकाला पोचलं पाहिजे. पण मी हेअरपिनला त्याहून जास्त महत्त्व देते, कारण तिथे दुसरा गिअर लांब आणि पहिला छोटा असं झालं तर प्रत्येक लॅपला वेळ जातो. कधीकधी मागच्या एकाच दाताने तेवढं वळण एका गिअरमध्ये बसतं आणि अख्खी लॅप सरळ होते. वहीत लिही, कोणत्या वळणाला कोणता गिअर आणि किती आरपीएम. खरंच लिही, डोक्यात राहत नाही.

चेन्नई_एक्स्प्रेस
मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे इथे, मद्रासच्या ट्रॅकला जमेल तसं जातो. ताईंचं बरोबर, फक्त एक भर घालतो. मागे दात वाढवले की चाक पुढे सरकतं, एका दाताला पाव पिच म्हणजे साधारण ४ मिमी. ४५ चं ४७ केलंस तर चाक ८ मिमी पुढे येणार, व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) तेवढा कमी. गाडी वळायला जरा चपळ होते पण एक्झिटला पुढचं चाक हलकं होतं. रेसमध्ये हे जाणवतं, म्हणून गिअरिंग बदललं की लगेच सस्पेन्शनला हात लावू नको, आधी दोन सेशन फिरव.

ॲल्युमिनियमबद्दल, मागे घे, चांगलं ७०७५ ग्रेडचं घे, हलकं असतं आणि फिरणाऱ्या भागाचं वजन कमी झालेलं चांगलंच. पण स्टीलपेक्षा लवकर झिजतं, दात शार्कच्या पंखासारखे एका बाजूला वाकले की काढून टाक. पुढचं मात्र स्टीलच.

पिटलेन_पुणे
ॲल्युमिनियमला माझा विरोध आहे भाऊ, क्लब रेसला तो खर्च टायरमध्ये घाल, लॅप टाईम तिथे जास्त कमी होतो. पहिल्या सीझनला स्टील घाल. चेन एक्स-रिंगवाली (आतलं ग्रीस टिकवणाऱ्या रबरी रिंगांची) घे, डीआयडी, आरके, रेजिना, जी मिळेल ती, आपल्या कोइमतूरची रोलॉन पण आहे. रिंग नसलेली रेसिंग चेन घर्षणाला कमी असते खरी, पण तिला प्रत्येक सेशननंतर ऑइल आणि रोजचं ॲडजस्टमेंट लागतं, एकट्या माणसाला पिटमध्ये ते जमत नाही. डुप्लिकेट फार येतात, बॉक्सचा भाव बघून वाटलं की खूपच स्वस्त आहे तर घेऊ नकोस, चेन तुटून क्रँककेस फुटलेली मी पाहिली आहे आणि मागून येणाऱ्या गाडीसाठी ते किती धोक्याचं आहे हे सांगायला नको.

चेन जोडणारा लॉक रिव्हेटवालाच (ठोकून पक्का करायचा). क्लिपवाला घालायचाच असेल तर क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला ठेव आणि वायरने बांध. आणि खालच्या चेनच्या तिथे शार्क फिन गार्ड (पंखाच्या आकाराचं कव्हर) लाव, एफआयएमच्या (आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या) रोड रेसिंग नियमात तो लागतोच, हात-पाय अडकू नये म्हणून.

लालमाती_कोल्हापूर
खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे १५ पुढे, ४६ आणि ४७ मागे, सगळं स्टील, एक्स-रिंग आणि रिव्हेट. टेन्शन किती ठेवायचं? आणि चेन कोणत्या स्प्रॉकेटला मोजून कापू?

रेसलाईन_नाशिक
सैलपणा मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा, पण तपासताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतील एवढं सस्पेन्शन दाबून बघ, तिथे चेन सगळ्यात टाईट होते. तिथेही थोडी हालली पाहिजे. टाईट चेन पुढच्या शाफ्टचं बेअरिंग खाते आणि सस्पेन्शनला काम करू देत नाही. स्विंगआर्मवरच्या खुणांवर विसंबू नको, दोरी लावून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघ.

चेन ४७ ला मोजून काप, चाक ॲडजस्टरच्या पुढच्या टोकाजवळ ठेवून. मग ४५ लावलंस की चाक ८ मिमी मागे जाईल, तेवढी जागा ॲडजस्टरमध्ये उरते का ते कापायच्या आधी मोज. कापताना शेवटी लिंकची संख्या समच राहिली पाहिजे, दोन लिंक जास्तच ठेव, कमी पडली तर परत चेन घ्यावी लागेल.